शेवटी बघू

पुण्यात 'नाही' म्हणायचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातला सगळ्यात सभ्य म्हणजे 'बघू'. लग्नाला येणार का? बघू. वर्गणी देणार का? बघू. मी याच शहरात वाढलेली, मला हे शिकवायला नको. तरीसुद्धा माझे सासरे 'बघू' म्हणाले आणि मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. क्वार्टर माझ्या नवऱ्याच्या, विश्वजीतच्या नावावर. त्याच्या आधी बाबा, म्हणजे माझे सासरे दीनानाथ पेंढारकर, त्याच कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हे, मालाचे. कारखान्यात दारूगोळा बनतो, त्यामुळे तिथं प्रत्येक टप्प्यावर तपासणी असते. बाबांनी शिक्का मारल्याशिवाय नग पुढच्या टेबलावर जात नसे. सगळा जन्म त्यांनी लोकांचा माल परत पाठवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर तीच माणसं त्यांची कट्ट्यावरची मित्रमंडळी झाली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. दवाखान्यातून स्ट्रेचरवर घालून वर आणलं तेव्हा त्यांना धड शुद्ध नव्हती. त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. काठी टेकत पलंगापासून खिडकीपर्यंत जातात आणि खिडकीपासून पलंगापर्यंत येतात. खिडकीतून कट्टा दिसतो, पण वरून. माणसांचे चेहरे दिसत नाहीत, टकलं दिसतात. टकलावरून माणूस ओळखण्यात बाबांचा हात धरणारा कोणी नाही. सुरुवातीला मंडळी वर येऊन बसायची. मग एकेकाचे गुडघे कुरकुरायला लागले आणि येणं बंद झालं. आता खालून हाक येते, "काय इन्स्पेक्टर!" बाबा उजवा हात वर करतात. झाली भेट.

विश्वजीतने कितीदा तरी सांगितलं, खुर्चीत बसा, चौघं मिळून खाली नेतो, तासभर बसा, परत आणतो. बाबांचं उत्तर ठरलेलं. "चौघांनी उचलून खाली न्यायचं ते एकदाच असतं. तेव्हा मी काही बोलणार नाही."

आता माझं. मी खराडीच्या एका कंपनीत डेटाबेसचं काम करते. बाबांच्या आजारपणापासून घरूनच करत होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर बाबा. पाणी प्यायलात का, गोळी घेतलीत का, पाय हलवलात का, बाथरूमची कडी आतून लावू नका. दोन खोल्या, एक गॅलरी आणि आम्ही दोघं. दिवसा दार उघडायचं ते कुरिअरवाल्यासाठी. मी त्यांच्यावर पहारा करते आहे की ते माझ्यावर, हे कधीकधी मला कळेनासं व्हायचं. दुपारी खडकी स्टेशनावरून लोकल गेल्याचा आवाज आला की वाटायचं, उठावं आणि कुठल्याही गाडीत बसावं, तळेगाव तर तळेगाव.

त्यातच कंपनीने सगळ्यांना ऑफिसला परत बोलावलं. बाबा तळमजल्यावर असते तर काठी टेकत कट्ट्यावर गेले असते, मित्रांनी लक्ष ठेवलं असतं आणि मी सुटले असते. त्यांना खाली न्यायचं होतं ते त्यांच्यासाठी, हे खरंच. पण निम्मं माझ्यासाठी होतं. मला त्या घरात श्वास पुरत नव्हता.

घरं बदलायची कल्पना श्रद्धाची. श्रद्धा म्हणजे तळमजल्यावरच्या महिपती काळभोरांची मुलगी, यंदा बारावीला. महिपती विश्वजीतच्याच खात्यात आहेत आणि त्यांचं घर आमच्या बरोब्बर खाली. श्रद्धाच्या खोलीची खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडते, म्हणजे उघडत नाही. गाड्यांवर सकाळ-संध्याकाळ टोळकं बसलेलं असतं. खिडकी जरा उघडली की सगळ्यांच्या माना आत. म्हणून ती पोरगी भर दुपारी ट्यूबलाइट लावून अभ्यास करते. अगदीच कोंडल्यासारखं झालं की आमच्या गॅलरीत येऊन बसायची. एक दिवस म्हणाली, "काकू, आपण घरं एक्स्चेंज करू या ना. आजोबा खाली, आम्ही वर. सिंपल!"

खरंच किती साधी गोष्ट. एकाला उतरता येत नाही, एकीला खिडकी उघडता येत नाही. मी त्याच संध्याकाळी महिपतींना विचारलं. ते मूळचे लोणी काळभोरचे, बोलणं अजून गावचं. "आमची काय ना न्हाई वहिनी. पोरीसाठी केलंच पायजे. पर आफिस हाय ना मधी."

ऑफिस होतंच. तिथं क्वार्टरवाटपाचं काम श्यामसुंदर नावाचे गृहस्थ बघतात. माणूस सरळ, फक्त बोलणं मोजून मापून. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. नियमात अदलाबदल बसते म्हणाले, साहेबांची सही मिळेल म्हणाले. मी खूश. मग त्यांनी संगणकात तळमजल्याच्या घरापुढे विश्वजीतचा कर्मचारी क्रमांक टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. लाल अक्षरांत आलं होतं, 'हा कर्मचारी आधीच एका क्वार्टरमध्ये आहे.'

"सिस्टीम घेत नाही," श्यामसुंदर म्हणाले.

"मग आधी तिसऱ्या मजल्यावरून त्याचं नाव काढा."

"काढतो. पण क्वार्टर रिकामं दिसलं की सिस्टीम ते लगेच प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला देते."

"मग महिपतींचं नाव आधी काढा."

"मग त्यांचं जाईल."

"म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही!"

"कोणाचं?" श्यामसुंदरांनी चष्म्यावरून विचारलं.

मी म्हटलं, एखादं तिसरं घर चार दिवसांपुरतं द्या. दोन पेल्यांतलं दूध आणि ताक अदलाबदल करायचं तर मध्ये एक रिकामा पेला लागतोच. ते म्हणाले, "रिकामा पेला असता तर बाहेर एवढी यादी कशाला असती?" आणि त्यांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवला.

माझा संताप संताप झाला, कारण हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं. एका माणसाला एकच घर, हा नियम योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो नियम प्रत्येक पावलाला आडवा येत होता. अदलाबदल ही दोन पावलांची गोष्ट आहे. पहिलं पाऊल टाकलं की क्षणभर विश्वजीतच्या नावावर दोन घरं दिसणार आणि महिपती बेघर दिसणार. दुसरं पाऊल पडलं की सगळं जागच्या जागी. पण हा पहिल्याच पावलाला तंगडी धरून बसला होता.

तो प्रोग्रॅम विश्रांतवाडीच्या एका छोट्या कंपनीने केलेला. श्यामसुंदरांकडून नंबर घेऊन मी फोन लावला. स्पृहा नावाची मुलगी होती, बोलायला चटपटीत. "मॅम, तो कन्स्ट्रेंट रिमूव्ह नाही करता येणार. ऑडिटवाले आमचा जीव घेतील."

"काढू नकाच. नियम तोच ठेवा, फक्त तपासायची वेळ बदला. दोन्ही बदल एकाच व्यवहारात बांधा आणि नियमाला म्हणावं, मध्ये गप्प बस, शेवटी तपास. शेवटी बरोबर निघालं तर पक्कं करा. चुकलं तर सगळं मागे घ्या, जसं काही घडलंच नाही. मधला गोंधळ बाहेर कोणाला दिसतसुद्धा नाही."

"डिफर करायचा, म्हणजे लांबणीवर टाकायचा म्हणताय." ती थोडा वेळ टकटक करत राहिली. "पण मॅम, हा डिफरेबल नाहीये ना. बनवतानाच तसं सांगावं लागतं. आधी सांगितलेलं नसेल तर आता कितीही थांब म्हटलं तरी थांबणार नाही."

"माहीत आहे. मग पाडा आणि नव्याने बांधा."

"तेवढं लेटर द्यायला सांगा ऑफिसला. मग पाच मिनिटांचं काम."

पत्र गेलं, नियम पाडून नव्याने बांधला गेला, साहेबांची सही झाली. जेवताना मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. इतकी खूश होते की मी त्यांना दोनदा भात वाढला आणि त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

"म्हणजे नियम मोडायचा," बाबा म्हणाले.

"मोडायचा नाही हो, थोडा वेळ थांबवायचा. तपासणी शेवटी."

"आमच्याकडे शेवटी तपासायची पद्धत नव्हती."

"का?"

"शेवटी तपासायला माणूस उरत नसे."

विश्वजीतला ठसका लागला. मी विचारलं, "पण बाबा, तुम्ही याल ना खाली?"

त्यांनी ताटातलं शेवटचं शीत उचललं. "बघू."

तिथं मला कळायला हवं होतं.

आदेश आला तो अटीसकट. दोन्ही कुटुंबांनी ठरल्या दिवशी सामानासकट आणि माणसांसकट घरं बदलायची. ऑफिस सुटायच्या आधी श्यामसुंदर स्वतः येऊन दोन्ही घरं बघणार. सगळं आदेशाप्रमाणे असेल तर ते तिथूनच ऑफिसला फोन करणार आणि दोन्ही बदल एकदम नोंदले जाणार. काहीही इकडचं तिकडे राहिलं तर आदेश रद्द, ज्याचं त्याने परत जायचं, आणि पुन्हा अर्ज घेतला जाणार नाही. मला तर हसूच आलं. मी संगणकाला सांगितलं होतं तेच त्यांनी माणसांना सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून जिन्यात ही झुंबड. आमचं कपाट उतरतंय, त्यांचं कपाट चढतंय, मध्येच गादी अडकली आहे आणि महिपती ओरडत आहेत, "तिरकी धरा, तिरकी!" महिपतींच्या बायकोने, मुक्ताईंनी, सगळ्यात आधी आपले देव वर आणून माझ्या स्वयंपाकघरात मांडले आणि दिवा लावला. माझ्या म्हणजे आता त्यांच्या. दुपारपर्यंत वर आमचं काही उरलं नाही. बाबा तेवढे खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. भोवती काळभोरांचे डबे, काळभोरांची शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेला काळभोरांचा आरसा. त्या आरशात बाबा पाठमोरे दिसत होते आणि मला उगाच ते दुसऱ्याच्या घरी विसरून राहिलेल्या सामानासारखे वाटले.

विश्वजीत वर आला. त्याच्याबरोबर महिपती आणि खात्यातले दोघं. दारात उभे राहिले तसे बाबांनी त्यांच्याकडे एकेक करून बघितलं.

"चौघं," बाबा म्हणाले. "नाही."

"बाबा, आता हे काय? सगळं सामान गेलं खाली!"

"सामान गेलं ते बरं झालं. मी नाही म्हणालो."

"आधी बोलायचं ना मग!"

"बोललो होतो. बघू म्हणालो होतो."

महिपती पुढे झाले. भला माणूस, त्यांना वाटलं नड फक्त आकड्याची आहे. "काका, चौघं नगं तर पाच जणं धरतो की. अजून एक गडी बोलावतो."

"पाचवा कशाला? पुढं मडकं धरायला?"

महिपतींचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात मुक्ताई देवासमोर तशाच उभ्या राहिल्या. विश्वजीतचे डोळे भरून आले आणि ते दिसू नयेत म्हणून तो तरातरा खाली निघून गेला. बाकीचेही गेले. श्रद्धा गॅलरीच्या दारात पुस्तकांचा गठ्ठा उराशी धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "काकू, म्हणजे आम्हाला परत खाली जावं लागणार?" सकाळी वर आल्या आल्या तिने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बाबांच्या समोर जमिनीवर बसले आणि सुनेने सासऱ्याशी जसं बोलू नये तसं बोलले. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, तुम्ही एकटेच कोंडले गेलात? मी पण याच दोन खोल्यांत आहे. तुमच्या पलंगापासून खिडकीपर्यंत तुम्ही जाता तेवढीच मीही जाते. मला दोन्ही पाय आहेत म्हणून ते दिसत नाही इतकंच. त्या पोरीने काय घोडं मारलंय तुमचं? नाही यायचं होतं तर सरळ 'नाही' म्हणायला तोंड होतं ना?

बाबा ऐकत राहिले. रागावले नाहीत. खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाले, "ते बघ. सगळे जमलेत."

मी उठून बघितलं. कट्ट्यावर टकलांची रांग होती.

"त्यातल्या प्रत्येकाचा माल मी कधी ना कधी नापास केलाय. कोणाला तोंडावर, चारचौघांत. कोणी रडलाय, कोणी आईवरून शिव्या घातल्यात. आज मी त्यांच्यासमोरून खुर्चीत लोंबकळत जाणार. मान एकीकडे, पाय एकीकडे." त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. "त्यांनी मला काय म्हणून पास करावं?"

"मग कसं यायचं तुम्हाला?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसून."

"म्हणजे?"

"पायरीवर बसायचं, उजव्या हाताने कठडा धरायचा, उजव्या पायाने जोर देऊन खालच्या पायरीवर टेकायचं. परत तसंच. लहान पोरं उतरतात तसं. पलंगाच्या कडेला सरकून सरकून मी ताकद बघितली आहे. जमेल."

"कधी बघितलीत?"

"तू मीटिंगमध्ये असतेस तेव्हा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे 'बघू' म्हणाले ते खरंच बघत होते. पुण्यात आजवर असं घडलेलं मी तरी ऐकलं नाही.

"मग अडलंय कुठं बाबा?"

"दिसायला वाईट आहे ते. ढुंगणावर घसरत जाणारा म्हातारा." त्यांचा आवाज बारीक झाला. "प्रत्येक पायरीला वाईट आहे."

मला एकदम स्पृहाचं बोलणं आठवलं. थांब म्हटलं तरी थांबणार नाही. बाबांच्या आतला इन्स्पेक्टर प्रत्येक पायरीला शिक्का घेऊन उभा होता आणि पहिल्याच पायरीला नापास करत होता. मी म्हटलं, "बाबा, पायरी-पायरीला तपासायचं नाही. मधलं कोणी बघणारच नाही. खाली पोचल्यावर जे काय दिसेल ते खरं. शेवटी बघू."

"कोणी बघणार नाही?"

"कोणी म्हणजे कोणी नाही."

"तू पण नाही."

"मी? अहो, मी नाही बघितलं तर तुम्ही पडाल!"

"तू सगळ्यात जास्त बघतेस," बाबा म्हणाले. "पाणी प्यायलो का. गोळी गिळली का. कडी लावली का. इतकं तर मी बॉम्बलासुद्धा तपासलं नाही."

ते चेष्टेत म्हणाले, पण मला ते लागलं. मी पहारेकरी होते ते त्यांनी एवढ्या दिवसांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

श्रद्धाला सांगितलं तशी ती टुणकन उठली. तिने प्रत्येक मजल्यावरची दारं वाजवली आणि आपल्या गोड आवाजात सांगितलं, "प्लीज, दार लावून घ्या आणि मी सांगेपर्यंत उघडू नका." एरवी आमच्या इमारतीत दार लावून घ्या म्हटलं तर लोक कारण विचारायला दोन पावलं बाहेर येतात. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. एकापाठोपाठ एक कड्या लागल्याचे आवाज आले. विश्वजीतला, आपल्या वडिलांना आणि बाकीच्यांना तिने मागच्या अंगणात पिटाळलं आणि स्वतःही तिकडेच गेली.

बाबा काठी टेकत दारापर्यंत आले. पहिल्या पायरीवर त्यांना बसवेपर्यंत मी धरलं. मग मी त्यांच्या दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे पाठ करून बसले. पडलेच तर माझ्यावर पडतील असा हिशेब. माझ्यावर पडले तर मी कोणावर पडणार, हा हिशेब मी केला नाही.

"मागं बघायचं नाही," बाबा म्हणाले.

"नाही बघत."

ते सरकले. मी सरकले. कापड फरशीवर घासल्याचा आवाज, मग कठड्यावर हात आपटल्याचा, मग श्वास. पुन्हा तेच. मी नुसते कान होऊन बसले होते. डावा पाय नीट खाली आला का? चप्पल अडकली का? दर पायरीला मान वळत होती आणि दर पायरीला मी ती परत फिरवत होते. विचारायची सुद्धा चोरी. माझ्या तोंडात 'बाबा, बरं वाटतंय ना' हे शब्द इतक्या वेळा आले की शेवटी मी ओढणीचा बोळा दातांत धरला.

दुसऱ्या मजल्याच्या खाली, वळणावरच्या चौकात, मागचा आवाज थांबला.

आधी वाटलं दम खात असतील. मी थांबले. आवाज नाही. कठडा नाही, कापड नाही, श्वाससुद्धा ऐकू येईना. खाली कुठे तरी गाडी सुरू झाली आणि निघून गेली. वर आमच्या जुन्या घरात मुक्ताईंनी नळ सोडला आणि बंद केला. परत झटका आला असेल तर? ते तिथं भिंतीला टेकून गेले असतील आणि मी दिलेला शब्द पाळत शहाण्यासारखी समोर बघत बसले असेन तर? वर जायची सोय नाही, ते घर आता आमचं नाही. खाली अजून पोचलो नाही. त्या जिन्यात आम्ही दोघं कुठलेच नव्हतो. मला दोन वर्षांत इतकं अडकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं आणि सुटायला फक्त मान वळवायची होती. मी नाही वळवली. मी डोळे गच्च मिटून घेतले आणि मनात म्हटलं, शेवटी. शेवटी बघू. फक्त शेवट येऊ दे.

"वल्लरी," मागून आवाज आला.

"हं?"

"तुझ्या पुढच्या पायरीवर कोणीतरी ताक सांडलंय. ड्रेस खराब होईल. भिंतीकडून जा."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. भिंतीकडून सरकले.

तळमजला आला. शेवटच्या पायरीवर मी बसले, तेवढ्यात समोरच्या दारातून श्यामसुंदर आत आले. हातात फाईल. मला तशी पायरीवर बसलेली बघून ते जागीच उभे राहिले. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली आणि तिथंच थांबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ऑफिसच्या कामात मी त्यांना इतका वेळ घेताना कधी बघितलं नव्हतं.

"पेंढारकर कुठल्या क्वार्टरमध्ये आहेत?" त्यांनी विचारलं.

"तळमजला," माझ्या मागून, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वरून उत्तर आलं. "आपण बघून घ्या. घाई करू नका."

श्यामसुंदरांनी आमच्या उघड्या दारातून आत डोकावलं, जिना चढून वरचं घर बघून आले आणि खाली येता येता फोनवर म्हणाले, "हो. दोन्ही एकदम टाका." मग थोडं थांबून, "घेतलं ना? ठीक." जाताना त्यांनी माझ्या मागे बघून मान लववली. श्रद्धाच्या नव्या खोलीची खिडकी वर कुठे तरी धाडकन भिंतीवर आपटली. बाहेर कट्ट्यावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, इन्स्पेक्टर दिसत नाही आज खिडकीत?"

मी अजून तशीच बसले होते, समोर बघत. सवयच लागली होती.

"वल्लरी," बाबा म्हणाले. "आता बघ."

मी उठले आणि वळले. उजव्या हाताने कठडा धरून ते उभे होते, एवढं कळलं. बाकी डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं की कपडे मळलेत का, हात सोलवटलाय का, चेहरा कसा आहे, काही म्हणजे काही दिसेना.

"दिसतंय ना नीट?" त्यांनी विचारलं. "बाहेर जाण्यासारखं आहे का?"

"दिसतंय बाबा," मी म्हटलं. "पास."